सुभेदार तात्यांची लाईन

सुभेदार तात्यांच्या घरात थेट शिरता येत नाही. मी शाळेतल्या नोकरीसाठी सांगलीत राहायला आलो त्या आठवड्यात शेजारधर्म म्हणून त्यांच्याकडे गेलो. उंबऱ्यावरून पाय उचलला आणि आतून लष्करी आवाज आला, "थांबा! फाटक बंद हाय!"

मी एक पाय हवेत धरून उभा. खाली बघतो तर हॉलच्या फरशीवर खडूनं रूळ आखलेले. दिवाणाखालून निघून, टीव्हीच्या टेबलाला वळसा घालून, देवघरापाशी दुहेरी होऊन ते पुन्हा दिवाणाखाली जात होते. तात्या गुडघ्यांवर बसून त्यावरून एक काडेपेटी ढकलत होते. ती माझ्यासमोरून गेली. मागून आणखी सहा काडेपेट्या गेल्या. मग तात्या म्हणाले, "हां, या आता मास्तर."

तात्या मूळचे कवठे महांकाळकडचे. चोवीस वर्षं फौजेत काढून, निवृत्त झाल्यावर सांगलीत घर बांधून राहिले. पुण्याच्या मुलानं साठीला त्यांना विजेवर चालणारी छोटी आगगाडी भेट दिली. इंजिन, डबे, रूळ, सगळं अस्सलबरहुकूम. दुसऱ्या कुणी ती त्याच संध्याकाळी गोल फिरवून पाहिली असती. तात्यांनी खोकं कपाटात ठेवलं. "आधी लाईन, मग गाडी." नकाशा पास झाल्याशिवाय खोकं फुटणार नव्हतं, आणि पास करणारे साहेबही तात्याच. माझी ओळख झाली तेव्हा एकोणिसावा नकाशा चालू होता.

खिशात कायम शिंप्याची टेप. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माझ्या कानाशी लागून म्हणाले, "हितं दुहेरी लाईन आरामात बसंल बगा. त्यो खांब तेवढा आडवा येतोय." स्कूटर वळवताना एवढं मोठं वळण घ्यायचे की रसवंतीच्या बाकड्यावरची माणसं पाय वर उचलून घ्यायची. वर यांचंच ऐकायचं, "वळणाला कंजुषी केली की डबा घसारतो, मास्तर!"

त्यांची बायको शालनकाकू या कारभाराला पुरून उरली होती. ती खडूच्या रुळांना धरूनच रांगोळी काढायची. उन्हाळ्यात तात्यांनी नकाशा गच्चीवर हलवला, तर दुसऱ्या दिवशी त्यांचा आरडाओरडा खालपर्यंत ऐकू आला, "आगं, यार्डात कुरडया घातल्यास व्हय!"

"मग गाडी जरा उशिरा सोडा की," काकू म्हणाली.

सत्ताविसावा नकाशा मात्र पास झाला. सुतार आला, दहा फुटी प्लायवूड आलं, काकूनं हौसेनं हॉलमधला दिवाण हलवला. कडेला तिची वेताची खुर्ची तेवढी ठेवली. सुतारानं करवत लावायची, तेवढ्यात तात्या त्या खुर्चीत जाऊन बसले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि उठले. "काम बंद. नकाशा रद्द."

सुतार निघून गेला. काकूचा मात्र पारा चढला. "तीन वरसं झाली, घरात सरळ चालाय मिळंना मला. आता एकदा काय ती गाडी लावा, न्हाईतर मी चालले तासगावला भनीकडं." आणि काकू खरंच गेली.

चार दिवस त्यांच्या घरातून कसलाही आवाज आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी तात्या माझ्या दारात. दाढी वाढलेली. "मास्तर, जरा येऊन खुर्चीत बसता का?"

मी जाऊन काकूच्या खुर्चीत बसलो. समोरच्या प्लायवूडवर खडूनं नकाशा आखलेला होता. तात्यांनी टेपनं जमिनीपासून माझ्या डोळ्यांपर्यंतची उंची मोजली. "न्हाई. ती तुमच्यापरास चार बोटं बुटकी हाय. वाका जरा." मी वाकलो. "आता डावीकडं काय दिसतंय?"

"रूळ. आणि स्टेशन."

"आन् उजवीकडं?"

"तिकडेही रूळच."

"छ्या!" त्यांनी स्टेशनच्या उजव्या अंगाला पिठाचा डबा ठेवला. "आता?"

"अजून दिसतात."

मग तांदळाचा डबा आला, दोन उशा आल्या, गादीची वळकटी आली. शेवटी मी म्हणालो, "आता नाही दिसत." तात्या मटकन खाली बसले. "बास. हितं डोंगर पायजे. स्टेशन सोडून जानारी गाडी खुर्चीतनं दिसाय नको."

"अहो, पण गाडी येताना दिसलेली चालते, मग जाताना का नको?"

तात्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. "मास्तर, माझी रजा संपली की ही दरवेळी मिरजेच्या स्टेशनावर यायची मला सोडायला. भाकरी बांधून. गाडीचा शेवटचा डबा दिसंनासा झाला की मग यष्टीनं गावाकडं. चोवीस वरसं. आन् येताना? रजा कवा मंजूर हुईल त्येचा भरवसा न्हाई. कळवनार कवा? मी आपला थेट दारात. जायाच्या गाड्या समद्या बघितल्या तिनं. माझी यायची गाडी एकबी बघितली न्हाई."

मी खुर्चीत तसाच वाकून बसलो होतो.

"आता नीट बसला तरी चालंल," तात्या म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी सुताराच्या हातापाया पडून काम धरलं. रद्दी भिजवून, लगदा करून आम्ही दोघांनी डोंगर रचला. रंग देताना तो जरा जास्तच हिरवा झाला. "पावसाळ्यातला हाय म्हना," तात्या म्हणाले. मग ते स्वतः तासगावला जाऊन काकूला घेऊन आले.

काकू खुर्चीत बसली. मी भिंतीला टेकून उभा. तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खोकं फुटलं, बटण फिरलं आणि डाव्या कोपऱ्यातून निळी गाडी डुलत डुलत आली. अगदी सावकाश स्टेशनात शिरली आणि थांबली.

काकू पुढे झुकून बघत राहिली. हाताची घडी सोडली नव्हती. मग तिनं गाडीवरची नजर न काढता विचारलं, "कोन उतरलं म्हनायचं ह्यातनं?"

तात्यांनी घसा खाकरला. "मीच की."

काकूनं त्यांच्याकडे पाहिलं. उठली, आत गेली. मला वाटलं, राग अजून गेलेला दिसत नाही. तेवढ्यात ती परत आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

"उंबऱ्याभाईर व्हा," ती म्हणाली.

सुभेदार साहेब मुकाट्यानं चपला न घालता बाहेर जाऊन उभे राहिले. ताठ, टाचा जुळवून. काकूनं भाकरतुकडा त्यांच्यावरून ओवाळून अंगणात टाकला, तांब्यातलं पाणी त्यांच्या पायांवर ओतलं आणि म्हणाली, "लय दमला असशिला. या आत."