दीडपाव आजी

माणूस समोर आला की हणमंतराव आधी त्याचं वजन सांगतो. किलोत नव्हे, शेरात. आणि अंगाचं नव्हे, नात्याचं. आपलं मूल अच्छेर, म्हणजे अर्धा शेर, कारण त्यात आपलं अर्धं रक्त. नातवंड आणि भाचरू पावशेर. आते-मामेभावंड नवटाक, म्हणजे पावशेराच्या निम्मं. बाकी सगळे किरकोळ.

मी त्याच्या आत्याचा मुलगा. कुंभकोणमच्या बाजारात तो मला लांबून ओरडतो, "अहो नवटाक!" भाजीवाल्या बायांना आमची मराठी कळत नाही. त्यांना ते माझं नाव वाटतं. त्याच्या थोरल्या बहिणीचा, गोदाचा, नवराही मीच. आमच्यात मामाची मुलगी करतात, मी केली. पण नवरा म्हणून माझं वजन शून्य, असं तो तोंडावर सांगतो.

मी शिकलेला नाही. लग्नाच्या स्वयंपाकात जन्म गेला. तो शाळेत प्राणिशास्त्र शिकवायचा. आमची घरं शेजारी, मागची विहीर एक. लग्न त्यानं केलं नाही. कोणी विचारलं की म्हणतो, "मी पासंग. तराजू सरळ राहावा म्हणून ठेवलेला दगड."

त्याच्या डोक्यात एकच प्रश्न. बाईचं मूल होणं पन्नाशीला थांबतं, मग ती पुढं इतकी वर्षं जगते कशाला? "गाय बघा, भावजी. म्हातारी झाली तरी विते, आणि विणं संपलं की तीही संपते. बाई का उरते? मुलीचं मूल धरायला! ज्या घरात आजी होती त्या घरातली पोरं जगली. तिचं लांब आयुष्य त्या पोरांत उतरलं. म्हणून आज माणूस म्हातारा होतो."

"आणि आजोबा?"

"ते आजीबरोबर आले. बिनतिकिटाचे."

साक्कोट्टैच्या एका लग्नात पंगतीत बसून त्यानं हे पुढं नेलं. आईची आई पक्की, म्हणाला, कारण पोटातून पोट आलं. बापाची आई विश्वासावर. समोरच नवऱ्यामुलाची आई तूप वाढत होती. पायसम, म्हणजे खीर, यायच्या आधी आम्हा दोघांना पानावरून उठावं लागलं. तो पायसम मी स्वतः केला होता. बायकांच्या पंगतीतली गोदा घरी पोचेपर्यंत वाटभर पदर तोंडाला लावून हसत होती.

गेल्या आडी महिन्यात, ऐन आषाढात, गोदा गेली. तीन दिवस ताप, संपलं. दहाव्या दिवशी हणमंतराव दारात उभा. रडला नाही. म्हणाला, "असं व्हायला नको होतं. अक्काचं काम बाकी होतं. तुमच्या वसूला अजून मूल झालं नाही."

मला वाटलं, माझी बायको गेली आणि ह्याला ह्याचा सिद्धांत मोडल्याचं दुःख. मी म्हटलं, "चालता हो." तो गेला. मग आम्ही बोलत नव्हतो. विहिरीवरसुद्धा पाळीनं पाणी काढायचो, तो आला की मी आत.

वसू आमची एकुलती मुलगी, चेन्नईत असते. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि आता दिवस राहिले. पहिलं बाळंतपण आईकडं, ही आमची रीत. मी फोनवर म्हटलं, ये. ती म्हणाली, "अप्पा, अम्मा नाही. तिथं दोन म्हातारे. बाळाला न्हाऊ कोण घालणार? भांडी घासल्यासारखं घासाल." मी हसलो. फोन ठेवला आणि भात न जेवता बसून राहिलो. घरात दोन ताटं लावायची सवय अजून गेली नव्हती.

वसूनं मामालाही फोनवर हेच सांगितलं असावं. तीनचार दिवसांनी, दुपारी, मागं पाणी पडल्याचा आवाज आला. बघतो तर विहिरीपाशी हणमंतराव पाटावर बसलेला, नेसूची वेष्टी गुडघ्यावर खोचलेली, दोन्ही पाय समोर लांब केलेले. आपल्या म्हाताऱ्या बाया तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना बसतात, तसा. आणि पायांवर पांढरा कोहळा. तेल लावलेला. बाजूला वाटीत मुगाचं पीठ.

"काय चाललंय?" मी विचारलं. चार महिन्यांतलं पहिलं वाक्य.

"तीन किलोचा आहे. तोलून आणला." मान वर केली नाही. "अक्का मान कशी धरायची, आठवतंय का? मी वसूच्या वेळी बघत होतो, पण माझं लक्ष वजनाकडं."

कोहळा निसटला. दगडावर पडणार तेवढ्यात मी दोन्ही हातांनी धरला. जन्मभर गरम कढया धरलेले हात, पण हा देठाकडून धरला, मान धरावी तसा.

"बसा," तो म्हणाला. "तुमचे पाय लांब आहेत."

मी पाटावर बसलो. त्यानं कोहळा माझ्या नडग्यांवर ठेवला आणि तांब्या उचलला.

"मी मांडून बघितलं, भावजी. बाळाचे तुम्ही आजोबा, पावशेर. मी अक्काचा भाऊ, नवटाक. दोघांचं मिळून दीडपाव. अक्का एकटी पावशेरच होती. आपलं वजन जास्त भरतं. भरून निघायला पाहिजे."

"निघतं का?"

त्यानं कोमट पाणी ओतलं. डोळ्यांत जाऊ नये म्हणून कोहळ्याच्या कपाळावर आडवा हात धरला. गोदा धरायची तसाच.

"नाही," तो म्हणाला. "पाय सरळ ठेवा."

संध्याकाळी मी वसूला फोन केला आणि मामा दुपारभर काय करत होता ते सांगितलं. वाटलं, हसेल. तिनं विचारलं, "अप्पा, मान कोणी धरली होती?"

"मी."

"दोन्ही हातांनी?"

"दोन्ही."

पोंगल झाला की ती येणार आहे. हणमंतराव रोज दुपारी पाट मांडतो आणि माझ्या नावानं हाका मारतो. कोहळ्याचं सांबार करायचं होतं. अजून कापवत नाही.