मार्कुसकाकांचे मोजे

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत लिफ्टचं दार सगळ्यात जास्त वेळ अडवून धरणारा माणूस म्हणजे माझ्या समोरच्या फ्लॅटमधले मार्कुसकाका. ‘आधी तुम्ही,’ म्हणून ते बाहेर उभे. आपणही ‘आधी तुम्ही’ म्हटलं, की संपलंच. मी सोसायटीची सेक्रेटरी. लिफ्टच्या तक्रारींची यादी माझ्याकडे असते, आणि त्यातल्या निम्म्या काकांच्या नम्रतेबद्दल असायच्या.

काका मूळचे वसईचे. ‘मी कोण? पायपुसणं,’ हे त्यांचं पालुपद. चर्चमध्ये जागा कायम शेवटच्या बाकावर. एका रविवारी तिथे पाहुणे बसले, तर काका मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत फाटकाशी उन्हात उभे राहिले आणि पुढचा आठवडाभर भेटेल त्याला ते सांगत सुटले. सोसायटीच्या कार्यक्रमपत्रिकेत आपलं नाव अगदी खाली, बारीक छापावं, म्हणून प्रूफ बघायला स्वतः आले. म्हणाले, ‘अजून बारीक करा, ताई.’

त्यांची बायको रोझाकाकू भाजी निवडता निवडता मला म्हणायची, ‘नम्रतेची स्पर्धा ठेव गं एकदा. हे पहिले येतील, आणि बक्षीस घ्यायला सगळ्यांच्या शेवटी जातील. टाळ्या जास्त मिळतात ना.’

कुणाचं काही घ्यायचं मात्र नाही. माझा डबा त्यांच्याकडे गेला, की संध्याकाळच्या आत सुकेळी भरून परत. काकांच्या हातातली पिशवी धरायला गेलात, तर ते उलट तुमच्याच हातातली काढून घ्यायचे.

रोझाकाकू मागच्या पावसाळ्यात वारली. डबे तसेच भरून परत येत राहिले. फरक एकच पडला, काका मोजे घालायला लागले. जाड, करडे. घरातसुद्धा, आणि पुढे एप्रिलच्या घामातसुद्धा.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये फादर गुडघ्यांवर बसून बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. काकांनी एकदा तरी त्या बारांत बसावं, ही रोझाकाकूची फार इच्छा होती. काका दरवर्षी म्हणायचे, ‘माझी लायकी नाही.’ यंदा तरुण फादर स्वतःच घरी आले. मी चहा घेऊन गेले होते.

‘पायपुसण्याचे पाय काय धुता, फादर? दुसरं कुणी बघा.’

‘शिष्यांतला पेत्रही प्रभूला नको म्हणाला होता, अंकल. त्याला काही शाबासकी मिळाली नाही.’

काकांनी चहाचा कप फादरपुढे सरकवला.

‘आंटींनी माझ्याकडे एवढंच मागितलं होतं. मी खुर्ची ठेवतोय. नाही आलात, तर ती रिकामी राहील.’

बुधवारी संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात काका, आणि डबा नाही. ‘ताई, एक काम होतं.’ सोसायटीचं असेल म्हणून मी पेन शोधायला लागले. काकांनी खिशातून नेलकटर काढलं, खुर्चीत बसले आणि एक मोजा उतरवला. नखं वाढून बोटांच्या मांसात वळली होती.

‘मला वाकता येत नाही. रोझा कापायची. असे पाय फादरच्या हातात कसे देऊ?’

‘इतके महिने सांगितलं का नाहीत?’

‘तुम्हाला माझ्या पायाशी कसं बसवू?’

‘बसले बघा. आता पाय सोडा.’

पाय सोडायलाच त्यांना वेळ लागला.

गुरुवारी मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, त्यांच्या जागेवर बसले. काका सगळ्यांच्या समोर खुर्चीत, मोजे शर्टाच्या खिशात कोंबलेले. फादरनी पाणी ओतलं, पाय पुसले, वाकून ओठ टेकले. काकांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

परतताना बिल्डिंगखाली लिफ्टची वाट बघत विचारलं, ‘कसं वाटलं, काका?’

‘पाणी गार होतं,’ ते म्हणाले. ‘रोझा कोमट करून घ्यायची.’

लिफ्ट आली. मी सवयीने थांबले. काका काही न बोलता आधी आत शिरले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी आत गेले आणि बटण जरा उशिरा दाबलं.