गजलक्ष्मीचे तेल भुईस कैसे लागले, त्याची हकीकत

श्री. ज्याच्या कृपेने जड चाक फिरते आणि अडला बोल्ट सुटतो, त्या विघ्नहर्त्यास आधी दंडवत. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सर, आश्विन वद्य पंचमी, ते दिवसापासून राज्यात जे वर्तमान जाहले ते हुजूरचे चाकराने डोळां देखिले तैसे लिहिले आहे. पदरचे तिखटमीठ थोडके, तेही चवीपुरते. राज्य म्हणाल तर हमरस्त्यालगत पत्र्याचे एक आवार, आणि त्या आवारात श्रीमंत आबासाहेब महाराज, आणि महाराजांचे सैन्य म्हणजे एक दहा चाकी ट्रक, नाव गजलक्ष्मी, आणि एक तीन चाकी टेंपो, त्यास नाव द्यावे ऐसे कोणास वाटले नाही. गजलक्ष्मीवर सरदार म्हाळोजी धायगुडे. चौदा वर्षे तिचे स्टेअरिंग त्यांच्या हाती, घाट लागला की 'चल गं माय' म्हणत आणि ती मुकाट चढत असे. ते दिवशी सकाळी पाहतात तो गजलक्ष्मीच्या पोटाखाली परातीएवढे काळे थारोळे. हात लाविला तो इंजिनाचे तेल. म्हाळोजींचा चेहरा उतरला, लेक तापाने फणफणली असता बापाचा उतरतो तैसा.

मग दरबार भरला आणि दिवाण गंगाधरपंत, ज्यांनी जन्मात बोनेट उघडिले नाही, तेच प्रथम बोलिले की, "गळते खाली, म्हणजे खोट खालीच. तेलाच्या चेंबरचे गॅस्केट गेले." मग चेंबर उतरविले आणि नवे गॅस्केट घातिले आणि दुसरे दिवशी पाहतात तो थारोळे तेथेच, वर दोन बोटे अधिक रुंद. मग पंत बोलिले, "मागचे सील." मग गिअरबॉक्स उतरविला आणि पाच गडी दोन दिवस घामाघूम जाहले आणि सील बदलिले, तो तेल मागून थांबले आणि पुढून व वरून निघो लागले. मग कोणी म्हणे गळतीवर साबणाची वडी घासा, कोणी म्हणे दृष्ट काढा. दोन्ही केले. साबण वाहून गेला आणि मिरच्यांचा ठसका महाराजांसच लागला. खोकला थांबतो न थांबतो तो पंतांनी कान भरिले की, "महाराज, रोग इंजिनास नाही, हाकणारास आहे. म्हाळोजींनी घाटात पिळून पिळून इंजिन मारिले. गजलक्ष्मी भंगारात काढावी आणि सरदारांस टेंपो द्यावा, मंडपाच्या खुर्च्या वाहतील." दहा चाकांच्या धन्यास तीन चाके. हे लिहिताना आमचा बोरू थबकला आणि पंतांचा राग राग आला, तो आजवर गेला नाही. महाराजही तापलेले होते. आज्ञा जाहली की, "आठ दिवसांत तेल थांबले तर ठीक, नाही तर पंत म्हणतात तैसे करू. आणि ज्याच्या हातून हे जाहले त्याने पुन्हा उभ्या जन्मात गजलक्ष्मीस हात लावू नये." म्हाळोजी ट्रकखाली पोते अंथरून पडले आणि थेंब कोठून येतो ते पाहत राहिले.

मग सातवे दिवशी त्यांनी नाक्यावरचे हुसेन मिस्त्री यांस आणिले. मिस्त्रींचे वय पासष्ट, बोलणे थोडके, तेही तंबाखूच्या पलीकडून. पंत त्यांस साद्यंत इतिहास ऐकवू लागले, तो मिस्त्री बोलिले, "पंत, आधी धुवा. मळलेल्या इंजिनात मळच दिसतो." मग डिझेलने इंजिन धुतले आणि फडक्याने कोरडे केले आणि मिस्त्रींनी खिशातून तोंडास लावायची पावडर काढून इंजिनास सर्वांगी फासली. नवरदेवासही इतकी कोणी लावीत नाही. मग इंजिन चालू करविले आणि घटकाभरात पांढऱ्यावर काळे ओघळ उठले, एक वरच्या झाकणाखालून, एक पुढच्या पुलीमागून, आणि तेल पाहावयाची पट्टी आपोआप वर सरकली. मग मिस्त्रींनी तेल ओतायचे बूच सैल केले, तो फुस्सकन वारा आला आणि पंतांच्या पांढऱ्या सदऱ्यावर नक्षी उमटली. पंत म्हणाले, "पाहिलेत महाराज, इंजिन मेले." मिस्त्री म्हणाले, "मेलेले इतक्या जोरात फुंकत नाही. घरी कुकर आहे ना पंत? शिट्टी तुंबली की वाफ रबरातून निघते. तुम्ही आपले रबर बदलीत बसला. शिट्टी कोणी पाहिली?"

इंजिनासही आतला वारा सोडावयास एक नळी असते, बाजूने खाली लोंबते, तिची वास्तपुस्त कोणी करीत नाही. मिस्त्रींनी तिच्या तोंडी बोट घातिले, ते आत जाईना. मग पक्कड घालून ओढिले, तो एक बोळा निघाला, तेलाने काळाठिक्कर, आणि उलगडून पाहतात तो जरीकाठी मोरपिशी उपरण्याची चिंधी. सगळा दरबार महाराजांकडे पाहू लागला. कारण राज्यात मोरपिशी उपरणे एकच, आणि ते हुजूरचे खांद्यावर. खंडेनवमीस महाराज स्वहस्ते गजलक्ष्मीस न्हाऊ घालतात, दुसऱ्यास पाइप धरू देत नाहीत. नळीवाटे पाणी पोटात जाईल या मायेने त्यांनी यंदा उपरणे फाडून बोळा कोंबला, आणि मग आरती आली आणि पेढे आले आणि बोळा राहिला.

पंत लगबगीने बोलिले, "उंदराचे काम. बखरीत उंदीर लिहावा." आम्ही चाकर माणूस, 'उं' इतके लिहूनही टाकिले. तो महाराज बोलिले, "खोडा ते. उंदराने जरीचे उपरणे घेतलेले आम्ही ऐकिले नाही. आमचे नाव लिहा." मग म्हाळोजींपाशी गेले आणि घसा खाकरून म्हणाले, "म्हाळोजी, चूक आमची, आणि भोगीत होता तुम्ही. आम्हांस लाज वाटते." म्हाळोजींच्या डोळ्यांस पाणी आले, ते त्यांनी तेलकट हातानेच पुसले आणि सगळे तोंड काळे करून घेतले. मग इंजिन पुन्हा धुतले, पावडर लाविली, तासभर चालविले, आणि पावडर पांढरीच राहिली. मग महाराजांनी स्वहस्ते किल्ली म्हाळोजींस दिली आणि हळूच पुसिले, "वेशीपर्यंत शेजारी बसून आलो तर चालेल काय?" म्हाळोजींनी सीट झाडिली आणि म्हणाले, "बसा की महाराज. फक्त दोन्ही हात मांडीवर ठेवून बसा." आणि महाराज तैसेच बसले.

एवंच, गजलक्ष्मी कोरडी आहे, म्हाळोजी तिजवर आहेत, आणि खंडेनवमीस महाराज दूर उभे राहून नुसत्या टाळ्या वाजवितात. येथे बोरू ठेविला.