दौलूआबांची बुट्टी

आमच्या गल्लीतले दौलूआबा कुठल्याही आंदोलनाच्या मांडवात शिरले की फलक वाचत नाहीत. आधी जेवणाच्या जागी जाऊन भाकरीच्या बुट्टीवरचं, म्हणजे टोपलीवरचं, फडकं उचलतात. भाकरी घरोघरची असली तर मांडी घालून बसतात. हॉटेलातली पाकिटं दिसली की पुढाऱ्याला तोंडावर सांगतात, "पावणं, हे काय टिकत न्हाय बघा."

आणि खरंच टिकत नाही. एका बड्या पुढाऱ्यानं मध्यंतरी गाजावाजा करून धरणं धरलं. गाद्या, पंखे, लाऊडस्पीकर, सगळी चैन. आबांनी पाकिटं बघितली आणि नाक मुरडून घरी आले. दुसऱ्या दिवशी मांडववाला गाद्या न्यायला आला, तर त्याला कुणाला 'उठा' म्हणावंच लागलं नाही.

आबा एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. त्यांची बायको, आमच्या काकी, गेल्यापासून घरी एकटेच. पांढरा लेंगा, पांढरी टोपी आणि आवाज असा, की ते कानात बोलले तरी पलीकडच्या गल्लीतला माणूस 'ओ' देईल. मोर्चा कामगारांचा असो, सप्ताह देवाचा असो, नाहीतर निवडणुकीची सभा असो, आबा काकींची जुनी बुट्टी घेऊन सकाळी दारोदार फिरणार. "काढा भाकरी! पीठ मळल्याबिगर सरकार हलत न्हाय!"

पक्ष कुठला असं विचारलं की चिडतात. "ज्या घरची भाकरी मांडवात जाती, त्या घरचं माणूस तिच्या मागनं आपसूक जातंय. पक्ष काय, पंथ काय, असाच वाढतोय की!" हे मात्र मी अनुभवलंय. आयुष्यात कधी घोषणा दिली नव्हती. एकदा आमच्या घरच्या भाकरी नीट पोचल्या का, एवढंच बघायला गेलो आणि संध्याकाळी घसा बसवून परत आलो. मागण्या काय होत्या ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.

दारात आबा आले की प्रत्येक घरातली बाई विचारणार, "आबा, जेवलासा काय?" त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं. "माझं काय घिऊन बसलीस? तिकडं मांडव उपाशी हाय!" माझी बायको सुमन त्यांची अशी हुबेहूब नक्कल करते की मीही घाबरून भाकरी काढून देतो.

गडबडही करतात. एकाच दिवशी नामसप्ताह आणि कामगारांचा मोर्चा आला. सप्ताहाला बिनकांदालसणाची आमटी जायची होती आणि मोर्चाला झणझणीत झुणका. आबांनी रिक्षात डबे चढवले आणि अदलाबदल झाली. मोर्चेकरी मिळमिळीत आमटी खाऊन इतके गार पडले, की साहेबांशी चक्क 'कृपया' म्हणून बोलले. साहेबांना असा मोर्चा कधी भेटला नव्हता, त्यांनी निवेदन उभं राहून घेतलं. इकडे सप्ताहात झुणक्यानं टाळकऱ्यांच्या डोळ्यांना धारा. यंदा भक्ती फार दाटून आली, असं महाराज सगळ्यांना सांगत होते. आबा म्हणाले, "दोन्हीकडं भलंच झालं की!"

मग यंदा उन्हाळ्यात आमच्याच गल्लीचं पाणी तुटलं आणि बायका रिकाम्या घागरी घेऊन कोपऱ्यावर धरण्याला बसल्या. घरचंच आंदोलन! आबांना दिवस पुरेना. बुट्टी भरायची, पोचवायची, परत भरायची. दारोदार तोच प्रश्न आणि दारोदार तीच गर्जना. पाच-सहा दिवसांत आबांच्या गालावर तजेला आला.

आणि पाणी सुटलं. हलगी कडाडली, गुलाल उडाला, बायका भर रस्त्यात फुगड्या घालायला लागल्या. आबा तेवढे रिकामी बुट्टी घेऊन कडेला उभे. "एवढ्या बिगीनं मिटवायचं न्हवतं राव," म्हणाले. आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. बघतो तर आबा. हातात बुट्टी, तोंडात आवाज नाही.

"आज कुठला मांडव, आबा?" मी विचारलं.

"कुठलाच न्हाय." ते बुट्टीवरचं फडकं उगाच नीट करत राहिले. "सवयीनं आलो आपला. जातो."

दिवसभर सगळी गल्ली ज्यांना 'जेवलासा काय' म्हणून विचारायची, त्यांना मांडव उठल्यावर ते विचारणारं कुणी नव्हतं. माझ्या हे डोक्यात येईपर्यंत सुमन पिठाच्या हातानं बाहेर आली होती.

"आबा, जेवलासा काय?"

आबांनी सवयीनं छाती फुगवली. पण तिकडं उपाशी मांडवच नव्हता. पलीकडच्या गल्लीत सोडा, मला शेजारी उभं राहून जेमतेम ऐकू आलं.

"न्हाय की, पोरी."

सुमननं त्यांच्या हातातली बुट्टी काढून घेतली आणि भिंतीवरून हाक मारली, "वैनी, आबा जेवाय बसल्यात आमच्यात!" बास. घटकाभरात कुणाची भाकरी, कुणाचा खर्डा, कुणाचं दही, शेजारणींनी आमच्या पुढच्या सोप्यात बुट्टी काठोकाठ भरली. आबा पाटावर बसले. बसल्या बसल्या फडकं उचलून त्यांनी आत बारकाईनं बघितलं आणि मग पहिल्यासारखे गरजले,

"घरातनं आल्यात सगळ्या. हे टिकतंय बघा!"