कोंबड्याची अब्रू

टॉर्चवर धरलेलं तिसरं अंडंही आरपार मोकळं दिसलं, तेव्हा मनोहररावांनी घाईनं पुढचं उचललं. आठवडाभर थर्मोकोलच्या पेटीत बल्बची ऊब देत, उलटीपालटी करत त्यांनी ही अंडी जपली होती. आज आत लाल शिरांचं जाळं आणि धडधडणारं इवलंसं काळीज दिसायला हवं होतं. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या आजोबांनी नातीला तसा शब्दच दिला होता, आणि तिनं अग्रहार वस्तीतली निम्मी गल्ली गोळा केली होती.

"अज्जा, हार्ट कुठंय?"

"दिसेल गं, थांब की." पण शेवटचं अंडंही रिकामं! एवढ्या लोकांत नाचक्की! त्यांनी तिथूनच सोसले गावच्या मित्राला फोन लावला. अंडी त्यानंच पाठवली होती.

"नागोज्या, अंड्यातच दम नाही, तर पिल्लू कुठनं येणार? तुझा कोंबडा बिनकामाचा आहे!"

फोन कट झाला. दुपारी नागोजीराव स्वतः दारात उभे, मागे पुन्हा जमलेली गल्ली. काखेत तुरेवाला, लालबुंद कोंबडा.

"बोल आता, ह्याच्या तोंडावर बोल! अर्ध्या गावातली पिल्लं ह्याची आहेत!"

"मग अंडी अशी कशी? दिसायला तर काय सुंदर! स्वच्छ, एकसारखी..."

"स्वच्छ?" नागोजीराव चपापले. "माझ्या कोंबड्या उकिरड्यात बसतात रे. अंडी स्वच्छ कुठनं असणार?"

दोघांच्या नजरा मनोहररावांच्या बायकोकडे, गिरिजाबाईंकडे वळल्या. पुडकं सोडून पेटीत अंडी मांडायचं काम त्यांचं होतं.

"अय्यो, माझ्याकडं काय बघता री? चार लोक बघायला येणार, आणि ती बारकी, घाण लागलेली अंडी मांडायची? छे! दुकानातनं चांगल्या क्वालिटीची आणून ठेवली."

मनोहररावांनी कपाळावर हात मारला. "अगं, दुकानातल्या अंड्यांच्या कोंबड्यांनी कोंबडा कधी पाहिलेलासुद्धा नसतो! आणि नागोजीची अंडी?"

"रस्सेदार सारू केलं की त्यांचं त्याच दिवशी. तुम्हीच तीन खाल्लीत. म्हणालात, अंडं असावं तर असं!"

मनोहररावांनी नागोजीरावांपुढे हात जोडले.

"माझी नको, ह्याची माफी माग," नागोजीराव म्हणाले, आणि सगळ्या गल्लीदेखत मनोहररावांना कोंबड्याची माफी मागावी लागली.

गिरिजाबाईंना भरून आलं. भांडण मिटलं एकदाचं! त्यांनी पदर खोचला आणि कोंबड्याकडे कौतुकानं पाहिलं.

"भावजी, आता जेवूनच जायचं. एवढा थोरला आणलाय, सगळ्यांना पुरेल."

"नको!" दोघं मित्र एकदम ओरडले.