सेल्फ लागत नाही

गाडी सुरू करून बघावी, असं मी एका रविवारी ठरवलं. कुठं जायचं होतं असं नाही. (जायला ठिकाणच नव्हतं.) उत्तरा, म्हणजे आमची सौ., लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली आणि नातवात अशी रमली की परभणीच्या घरात मी, फ्रिजचा आवाज आणि पोर्चमधली गाडी एवढेच उरलो. गाडी चालवते उत्तरा. मी डावीकडं बसून "पुढं म्हैस हाय" असं सांगत असतो. जाताना तिनं बजावलं होतं, "अधूनमधून चालू करत जा."

न्यूट्रल बघून मी किल्ली फिरवली. काहीच नाही. घुर्र नाही की टक् नाही. दिवे मात्र लागले, आणि हॉर्न तर असा वाजला की शेजारचे बन्सीधर मास्तर कुंपणापाशी आले. पालमच्या शाळेत व्याकरण शिकवून रिटायर झालेले. बायको वारलेली, मुलगा हैदराबादला. इतक्या वर्षांत आमचं बोलणं "काय, बरं हाय ना?" याच्या पुढं गेलेलं नव्हतं.

"काय करायलाव?"

"सेल्फ लागत नाही."

"बॅटरी उतरली असंल."

"मग हॉर्न कसा वाजला?"

मास्तर विचारात पडले. "मुद्दा हाय," म्हणाले आणि फाटक उघडून आत आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गरम पाणी ओतून बॅटरीची टर्मिनल ब्रशनं घासली. (तो ब्रश माझ्या वापरातला होता, हे मला दात घासताना कळलं.) मग मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला, त्यात बघून सेल्फचा रिले, म्हणजे वीज जोडणारी छोटी डबी, हॉर्नच्या रिलेच्या जागी बसवला. हॉर्न वाजला, म्हणजे रिले चांगला. गाडीच सुरू झाल्यासारखा आम्हाला आनंद झाला. पुढं तपासायला अर्थिंगची वायर निघाली. मास्तर चहाला थांबू लागले, मग जेवायलाही. दोघांचा भात लावायची सवय गेली होती, पहिल्या दिवशी कच्चाच राहिला. मास्तरांनी मुकाट्यानं खाल्ला.

"आमच्या हिची शिलाई मशीन अशीच बंद पडलती," ते एकदा वायर पुसता पुसता म्हणाले. "आज बघतो, उद्या बघतो म्हणलं. ऱ्हाऊनच गेलं."

मी वायरचं दुसरं टोक धरून म्हणालो, "मेकॅनिकला बोलवायचं का?"

"बोलवू की. घाई काय हाय?"

घाई मलाही नव्हती. पण उत्तराचा फोन आला आणि मी उत्साहात सगळी तपासणी सांगून बसलो.

"क्लच दाबला होता का?" तिनं विचारलं.

"सुरू करायला क्लच कशाला?"

"अहो, आपल्या गाडीत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. इतकी वर्षं शेजारी बसून काय बघत होतात?"

"म्हशी," मी म्हणालो.

क्लच दाबला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मास्तरांनी फडक्याला हात पुसले, फडकं घडी करून बॉनेटवर ठेवलं. "झालं म्हणायचं," म्हणाले आणि फाटक लावून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. भात मात्र मी दोघांचाच लावत राहिलो आणि शिळा खात राहिलो. शेवटी एका सकाळी नाष्टा केला आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"मास्तर, गाडी पुन्हा लागंना झालीय."

मास्तरांनी चष्मा चढवला. "क्लच दाबून बघितलं?"

"बघितलं की. टक् सुद्धा करंना."

त्यांनी मान वाकडी करून आमच्या पोर्चच्या दिशेनं कान लावला.

"मग ती घरघरायलीय ती कोणाची?"

(नाष्ट्याआधी उत्तराच्या आज्ञेप्रमाणं चालू केली होती. बंद करायची राहिली.)

मास्तरांनी शांतपणे चपला पायात सरकवल्या.

"चला," ते म्हणाले, "आधी ती बंद करू. मग ती का लागत न्हाई, ते बघू."