नियम अकरा

निवृत्त हेडक्लार्कांना नाल्याकाठच्या जमिनीवर घर बांधायला एक सही हवी होती आणि ती देणारे साहेब आज पाहणीला येणार होते. आज सही नाही झाली, तर पावसाळा संपेपर्यंत काम बंद. म्हणजे आणखी चार महिने बायकोच्या माहेरी, वहिनींच्या मागच्या खोलीत. तिथं वहिनींचं शिलाई मशीन पहाटे पाचलाच सुरू व्हायचं.

हेडक्लार्कांनी नियमांची पुस्तिका कोळून प्यायली होती. नकाशात पूररेषेपासून पंधरा मीटर सोडले होते, जोतं दोन फूट उचललं होतं. पण जीव जडला होता तो नियम अकरावर: जागेतली माती पाण्याबरोबर किंवा वाहनाबरोबर बाहेर जाता कामा नये. जन्मभर जावक रजिस्टर सांभाळलेल्या माणसाला यापेक्षा सुंदर वाक्य कुठं मिळणार?

साहेबांनी जीप थेट आत घातली, सगळं पाहिलं, मान डोलावली. "ठीक आहे. सही ऑफिसात करून पाठवतो."

हेडक्लार्क जीपपुढे उभे राहिले. "साहेब, चाकांना आमची माती लागलीय."

"लागणारच की."

"नियम अकरा."

पुस्तिका साहेबांनीच लिहिली होती. "बरं, धुवा पटकन," ते म्हणाले.

चाकं धुतली, तर गढूळ पाणी नाल्याकडे निघालं. नियम बारा. ते अडवायला हेडक्लार्कांनी जीपच्या पुढ्यातच चर खणला. खणलेल्या मातीचा ढीग उघडा ठेवायचा नाही, हा नियम तेरा. जवळ ताडपत्री एकच होती, जीपच्या टपावरची. ती त्यांनी सोडून ढिगावर पसरली. टळटळीत उन्हात साहेबांचं टक्कल तापलं, तसं डोकंही तापलं. त्यांनी तिरमिरीत गियर टाकला आणि पुढची दोन्ही चाकं चरात गेली.

"ट्रॅक्टर बोलवा," साहेब म्हणाले.

"त्याची चाकं केवढी असतात. जास्तच माती नेईल."

"अहो, त्यांना निदान चालत तरी जाऊ द्या," बायको विटांच्या ढिगावरून म्हणाली.

"जाऊ देत की. बूट इथं ठेवून."

मग ती उठली. पदरानं हात पुसून तिनं परवानगीचा कागद साहेबांपुढे धरला. "साहेब, सही इथंच करा. मग यांना मी आवरते. नाहीतर बसा यांच्यासोबत. मला तीस वर्षांची सवय आहे, तुम्हाला नाही झेपायचं."

साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली, शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी खरडलं आणि बूट काढून अनवाणी रस्त्याला लागले. बायकोला आनंदानं रडूच आलं. डोळे पुसून तिनं शेरा मोठ्यानं वाचला: 'या जागेतून काहीही बाहेर जात नाही. स्वतः खात्री केली आहे.'